भुईचाफ्यावर काढलेली चूल

वैशाख लागला की मला उठल्यापासूनच राग येतो. सून म्हनती, आत्याबाई, ऊन बाधलं असंल, ताक प्या. मी ताक पिते. राग ऱ्हातोच.

गावात लग्नाचे बँड वाजायलेत. आता लग्न सडकेच्या कडंला कार्यालयात व्हतेत. आचारी गॅस पेटवितो, निळा जाळ, धूर न्हाई, डोळ्यात पानी न्हाई. मला नातू गाडीवर बसवून नेतो, खुर्चीवर बसवितो. मी दोन घास खाते, अक्षता टाकते, येते. पन बँड वाजला की माझ्या नाकात बाभळीच्या लाकडाचा धूर शिरतो, आन त्या धुरातून एक दुसराच वास. आल्यासारखा, कापरासारखा. चांगला वास हाय तो. त्याचाच मला राग येतो.

माझं माहेर जिंतुराच्या डोंगरात, चारठान्याच्या वरल्या अंगाला. बापाच्या शेळ्या व्हत्या, थोडी माळाची जमीन व्हती. मी शेळ्यांमागंच वाढले, शाळा बघितली ती बाहेरून. तिथं एक दरी व्हती. उंबर, जांभूळ, करंज अशी दाटी, की उन्हाळ्यात सुदिक खाली ऊन पोचायचं न्हाई. पाचोळ्यात पाय रुतायचा. त्या दरीत वैशाखात भुईचाफा निघायचा.

ज्यानं बघितला न्हाई त्याला कसं सांगावं. त्याला झाड नसतं. त्या टायमाला पान नसतं, देठ बी दिसत न्हाई. काल मोकळी जमीन, आज सकाळी मातीवर नुसतं फूल ठिवलेलं. पांढरं, त्याला जांभळी जीभ. कुनी खालून हात काढून वर ठिवावं तसं. दुपारपरेंत मावळतं. दुसऱ्या दिशी बाजूला दुसरं. पानं येतेत मागून, पावसात. दिवाळीला ती पानं पिवळी पडून जातेत, आन मग पाच-सहा महिने वर काहीच न्हाई. सारं खाली, कांद्यात.

निजामाचं राज जायच्या आधी लय लुटालूट, जाळपोळ चालली व्हती. त्या उन्हाळ्यात आमी रात-दिस त्या दरीत लपून काढले. माय माझ्या धाकट्या भावाच्या तोंडावर हात ठिवून बसायची, रडला तर आवाज जाईल म्हनून. मी समोर बघत बसायची. समोर भुईचाफा. एकदा मी तोडाया हात घातला तर मायनं दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं. बोलली न्हाई, नुसतं धरलं. मागून घरी आल्यावर म्हनली, "आपून त्यांच्या घरी गेलतो बाई. पाव्हन्यानं तोडू न्हाई." माझी माय दुसरं काही शिकविण्याजोगं बोलल्याचं मला ध्यानात न्हाई. ती सालभरात गेली. त्याच साली माझं लगीन झालं.

सासर बोरीकडलं. सपाट काळं रान. जिकडं बघावं तिकडं क्षितिजच, मधी एक बाभूळ. उन्हाळ्यात जमीन अशी भेगाळायची की लेकराचा पाय अडकावा. पयल्या वैशाखात मी सावली हुडकत फिरायची. घरामागं हिरीपाशी आंब्याची चार झाडं व्हती, तेवढाच थंडावा. मी तिथं भांडी घासायची, तिथंच धान निवडायची. आत्याबाई, म्हंजी माझी सासू, म्हनायची, "डोंगरातली हाय, झाड दिसल्याबिगर हिला गिळत न्हाई."

पंचमीला माहेरी गेले तवा दरीतून भुईचाफ्याचा एक कांदा पदराला बांधून आनला. आंब्याखाली लावला. तो सडला. काळी माती पानी सोडत न्हाई, धरून बसती. पुढल्या बारीला दोन आनले, ते बी गेले. मग मला कळलं की नुसता कांदा आनून भागायचं न्हाई, त्याचं घर बी आनावं लागंल. मी आंब्याखाली हातभर काळी माती उकरून काढली. तळाला हिरीचे खडे अंथरले. माहेराहून येताना गाडीत एका पोत्यात तांबडी मुरमाड माती घातली. मालक, म्हंजी माझा नवरा, गाडी हाकत व्हते. वाटेत भेटंल त्याला सांगायचे, "लोकाच्या बायका माहेराहून लुगडं आनतेत, आमची माती आनती." मी बी हासले तवा. खरंच व्हतं ते. मातीत आंब्याचा पाचोळा कुजवून घातला, मग कांदा धरला.

तवापासून दरसाल काही ना काही आनायची. भुईचाफा तर व्हताच. रानहळद आनली, तिचा गुलाबी तुरा पावसात निघतो. कळलावीची येल आनली तर आत्याबाईनं उपटून उकिरड्यावर टाकली, म्हनली त्यानं घरात भांडनं व्हतेत. मी म्हनलं, "आत्याबाई, ती यायच्या आधी कुठं कमी व्हती." त्यावर दोन दिस आमी बोललो न्हाई. म्हंजी कळलावी गेली तरी भांडन झालंच.

माझ्या त्या जागंला घरात "जंगल" म्हनायचे. जंगल बैलगाडीपेक्षा मोठं नव्हतं. भवती मी खड्यांचं आळं केलं व्हतं. दिवाळीनंतर तिथं पानी पडू द्यायचं न्हाई, निजलेला कांदा सडतो. म्हनून खरकटं पानी मी पार उकिरड्यापरेंत नेऊन टाकायची. आत्याबाई बघायची. "मोकळ्या जमिनीला जपती. अशी वेडी कुठं बघितली न्हाई." पन वैशाखात पयलं फूल आलं की तीच आधी मला हाक मारायची, "आगं, निघालं बघ तुझं." तेवढं मी तिचं चांगलं सांगते.

माझी ननंद गोदा तवा नऊ-धा वर्साची. ती माझ्यासंगं आंब्याखाली पाचोळा पसरायला यायची. "वयनी, आता कुठून निघंल?" असं इचारून खडा ठिवायची. तिच्या खड्यापाशी निघालं की दिसभर सांगत फिरायची. दुसरं कुनी त्या जागंकडं बघत नव्हतं. मालक कवा कवा म्हनायचे, वास बरा हाय. हा बरा हाय त्यांच्या तोंडून लय मोठा व्हता.

गोदाचं लगीन ठरलं तवा ते राज्यांच्या वाटनीचं चाललं व्हतं. गावात म्हनायचे, आता आपून हैद्राबादचे न्हाई, मुंबईचे. मी मालकाला इचारलं, म्हंजी काय व्हईल. म्हनले, कागदं मराठीत येतील. मला उर्दू वाचता येत नव्हती आन मराठी बी. माझ्या घरात काही बदलनार नव्हतं.

लगीन वैशाखातलं. हे कळल्यावर मी आधी आंब्याखाली जाऊन आले. कामून ते सांगते. लग्नाच्या सैपाकाची चूल घरात मांडत न्हाईत. बाहेर चर खनतेत, गुडघाभर खोल, लांबच लांब. त्यात लाकडं घालतेत, वर ओळीनं हंडे, कढया. दोन दिस जाळ इझत न्हाई. आन आचारी मानूसच हाय, त्याला बी ऊन लागतं, तो सावली बघतो. गावात कुनाकडं बी लगीन झालं की चर झाडाखालीच.

म्हनून मी आधीच बोलले. गोठ्यामागं जागा व्हती, तिथं दुपारनंतर भितीची सावली पडायची. मी मालकाला नेऊन दाखविली. म्हनलं, वर कापडाचं छत टाकू, पन आंब्याखाली चर नको. माझे कांदे अजून निजलेत, आठ-पंधरा दिसात निघतेत. ते म्हनले, "त्या बाजूला कुनी जानार न्हाई. मी हाय ना." मी पुन्हा म्हनलं. ते म्हनले, "एकदा सांगितलं ना, मी हाय." मी इश्वास ठिवला. नवऱ्यावर ठिवायचाच असतो, दुसऱ्या कुनावर ठिवाया घरच्या बाईला कुठं मोकळीक व्हती.

हळदीच्या दिशी सकाळी आमी बाया कुंभाराकडं गेलो. लग्नाचे करे, म्हंजी मातीची मडकी, वाजत-गाजत आनायचे असतेत. घरची थोरली सून म्हनून पयला करा माझ्या डोक्यावर. म्होरं सनई, हलगी, मागं बाया गानं म्हनायल्या. ऊन चढलं व्हतं, पाय भाजत व्हते, पन मला त्या दिशी बरं वाटत व्हतं. खोटं कशाला सांगू. नवं लुगडं व्हतं अंगावर.

घराला वळसा घालून आलो आन आंब्याखाली मातीचा ढीग दिसला. एका अंगाला काळी, एका अंगाला तांबडी. तांबडी माती त्या गावात दुसऱ्या कुनाच्या रानात नव्हती.

चरात मालक उभे. गुडघ्यापरेंत आत, डोक्याला पटका, हातात कुदळ. आचारी कडंला बिडी वढत व्हता. मालकानं वर बघितलं, घाम पुसला आन म्हनले, "तुझे खडे तिकडं नीट लावून ठिवलेत बघ. एक बी हरवला न्हाई."

खडे खरंच नीट ठिवले व्हते. ओळीनं.

डोक्यावर करा असला की बाईनं रडायचं न्हाई, थांबायचं न्हाई, मागं बघायचं न्हाई. नवरीला अपशकुन. माझ्या मागं बायांची रांग, सनई चालूच. मी त्या ढिगाच्या बाजूनं चालत गेले. मातीत पांढरं पांढरं दिसत व्हतं, कुदळीनं तुटलेले कांदे. त्यांच्या मुळ्यांना मन्यासारख्या गाठी असतेत, त्या इकडं-तिकडं सांडल्या व्हत्या, आन कुनाची तरी लेकरं त्या एकमेकांना फेकून मारायली व्हती. मी देवघरापाशी गेले, करा उतरविला, त्याला हळद-कुकू लावलं. मग मागल्या दारानं बाहेर आले.

मालकाला म्हनलं, "आवो, हे काय केलं?"

"आगं, गोठ्यामागं कडब्याची गंजी हाय. वारं फिरलं तर ठिनगी जाईल. आचारी म्हनला, हितंच बरं."

"कडबा हलविता आला असता. तुमी म्हनला व्हता."

"आता काय झालं एवढं? मोकळीच तर जागा व्हती."

आचारी हासला. "वयनीबाई, फुलं बाजारातून आनू की टोपलंभर."

मोकळीच तर जागा व्हती. हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं. कुनी पाव्हन्यानं म्हनलं असतं तर मला समजलं असतं. ह्या मानसानं माती गाडीत घालून आनली व्हती. सहा-सात वैशाख फुलं बघितली व्हती, वास घेतला व्हता. शेतकरी मानूस. हरभरा पेरलेलं रान उगवायच्या आधी मोकळंच दिसतं. त्यात कुनी चर खनून बघावा, हाच मानूस कुऱ्हाड घेऊन धावला असता. त्याला बी मातीत असल्यालं दिसत व्हतं. माझं तेवढं दिसत नव्हतं.

मी ढिगातून कांदे येचाया बसले तर आत्याबाईची हाक आली, हळदीला बाया खोळंबल्यात. उठले. परत आले तवर ती माती टोपल्यांनी मांडवात नेऊन पसरली व्हती, पानी मारून, तुडवून, वर शेनाचा सडा. साऱ्या वऱ्हाडानं माझ्या माहेरच्या मातीवर बसून जेवन केलं.

आन चर पेटला. चराच्या भितीत अडकल्याले कांदे आतल्या आत भाजायला लागले, तवा तो वास सुटला. आल्याचा, कापराचा, सारा मांडव भरून. मी चरापाशीच व्हते. थोरली सून, लापशीच्या कढईत उलथनं मीच हलवायचं. जाळाची झळ तोंडावर, खाली माझे कांदे, वर माझा हात. वराकडला एक म्हातारा पाव्हना पंगतीतून म्हनला, "आचाऱ्या, वरनात काय घातलंस रे? वास लय भारी सुटलाय."

आचारी म्हनला, "मसाला न्हाई पाव्हनं, हाताचा गुन हाय."

सारे हासले. मी हलवत ऱ्हायले. त्या दिशी मी जेवले न्हाई. कुनाच्या ध्यानात आलं न्हाई, लग्नघरात सुनंनं जेवलं का न्हाई हे बघायची रीत न्हाई.

लोकं मला म्हनतेत, आजी, किती वर्सं झाली, फुलासाठी एवढा राग. शिकल्या-सवरल्या नातसुना म्हनतेत, सोडून द्या, मन हलकं व्हतं. मी त्यांना सांगते. मी दुस्काळ बघितलाय, अंबाडीच्या पाल्यावर दिस काढलेत. ऊसतोडीला लांब जाऊन पालात बाळंत झाले, तिसऱ्या दिशी कोयता धरला. एक लेकरू पटकीनं गेलं, सकाळी खेळत व्हतं, सांजच्याला नव्हतं. त्याचं दुख हाय, राग न्हाई. पटकीला त्वांड न्हाई, दुस्काळाला कान न्हाईत. त्यांना कुनी आधी जाऊन सांगितलं नव्हतं की हितं माझं काही हाय. ह्यांना मी सांगितलं व्हतं. हात धरून नेऊन दाखविलं व्हतं. ह्यांना कान व्हते. म्हनून राग धरायचा तर ह्यांच्यावरच धरता येतो, आन मी धरलाय. मन जड ऱ्हाऊ दे. माझं हाय.

लगीन पार पडल्यावर मालकानं चर बुजविला. आत्याबाईनं त्या राखंत मिरची लावली. मिरची अशी लागली की फांद्या वाकल्या. शेजारनी बघाया यायच्या. आत्याबाई म्हनायची, "जमीन कामाला आली एकदाची." ते तिखट घरात साऱ्यांनी वाहवा करून खाल्लं. मी माझ्यापुरतं शेजारून मागून आनायची.

पंचमीला माहेरी गेले. म्हनलं, पुन्हा आनू, पुन्हा माती आनू. माझे हात धड व्हते. भाऊ म्हनला, "आक्का, जाऊ नको तिकडं." मी गेले. दरी नव्हती. म्हंजी खड्डा व्हता, झाडं नव्हती. कोन्या ठेकेदारानं सारं तोडून कोळसा पाडला व्हता. बुडखे आन काळी राख. पाचोळा पावसानं धुऊन गेलता, खाली नुसता खडक. जंगलाचा चौकीदार दगडावर बसला व्हता, निजामाच्या टायमाच्या चौकीदाराचाच पोरगा, टोपी तेवढी नवी. मला इचारतो, "काय पाहिजे?" मी म्हनलं, "फुलाचा कांदा." तो म्हनला, "कायद्यानं जंगलातून काही उपटायचं न्हाई बाई." मी त्याच्याकडं बघितलं, मग त्या बुडख्यांकडं बघितलं. त्याला काही वाटलं असंल तर तोंडावर दिसलं न्हाई. सांज होईस्तोवर मी उकरलं. एक कांदा घावला न्हाई.

गोदा भाऊबीजंला आली. लग्नानंतर आमी दोघी पयल्यांदाच निवांत भेटलो. अंगानं भरली व्हती, बरी दिसत व्हती. भावाला ओवाळलं, मग मला म्हनली, वयनी, हिरीवर चला. तिथं गेल्यावर तिनं कमरंचा फडका सोडला. आत भुईचाफ्याचा कांदा. ताजा, मुळ्यांना गाठी लागल्याला, बाजूला तांबडी माती चिकटल्याली.

मी वाकून बघितलं. म्हनलं, "कुठला हा?"

"तुमचाच हाय वयनी. लग्नाच्या चार दिस आधी मी एक मातीसकट उकरून पेटीत ठिवला व्हता. तिकडं परसात लिंबाखाली लावला. पानं लय आली. आता अर्धा तुमाला आनला."

मी तो हातात घेतला. थंडगार व्हता. मग मला तिचं बोलनं पुन्हा ऐकू आलं. चार दिस आधी.

"चार दिस आधी कामून उकरलास, गोदे?"

ती हिरीत वाकून बघाया लागली.

"तुला ठाऊक व्हतं चर कुठं काढनार ते?"

"दादा आन आचारी बोलायले व्हते, मी ऐकलं. आई म्हनली, तिला सांगू नको, लग्नघरात तमाशा करंल."

"आन तू सांगितलं न्हाईस."

"वयनी, माझंच लगीन व्हतं. नवरीनं कसं म्हनावं, माझ्या लग्नाची चूल हितं नका काढू? मला काय म्हनले असते समदे?" तिच्या डोळ्यांतून पानी चाललं व्हतं. "म्हनून तर एक वाचविला."

खरं व्हतं तिचं. त्या वयाच्या पोरीनं तोंड उघडलं असतं तर तिला झोडपलं असतं. मला ते तवाच कळलं व्हतं, आज काही नवं कळलं न्हाई. पन मला हे बी कळलं की चार दिस साऱ्या घराला ठाऊक व्हतं. मी भाकरी थापत व्हते, पापड वाळवत व्हते, नव्या लुगड्याची घडी बघत व्हते, आन समदे माझ्या तोंडाकडं बघून गप व्हते. मला मुद्दाम कुंभाराकडं धाडलं नसंल, पन मी जाईस्तोवर कुदळ भितीला टेकवून ठिवली व्हती.

मी कांदा तिच्या फडक्यात परत बांधला. गाठ मारली.

"घेत न्हाई का वयनी?" ती म्हनली. "आता दुसरीकडं कुठं घावायचा न्हाई. दादानं सांगितलं, दरी गेली तुमची."

"म्हनूनच न्हाई घेत. तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. ह्या घरात जमीन मोकळी दिसली की चूल काढतेत."

तिला माझा राग आलाय असं वाटलं आन ती आजून रडाया लागली. राग व्हताच. मी तिला पानी दिलं, तोंड धुवाया लावलं. दुसऱ्या दिशी तिची येनी घातली, ओटी भरली, गाडीत बसविली. लेकीसारखी व्हती ती मला. पन तिच्या घरी मी कवा गेले न्हाई. वैशाखात तिचा निरोप यायचा, फुलं आलीत वयनी, या बघाया. मालक गाडी जुपतो म्हनायचे, वर्साला एकदा तरी म्हनायचे. मी म्हनायची, मला काम हाय, आन आंब्याखाली बसून धान निवडायची.